स्वतःचा वाडा

रोजच्या वहीत मी चार ओळींपेक्षा जास्त लिहीत नाही. वर श्री, खाली तिथी, कुणाचं येणंजाणं, उपास असला तर उपास. पण पुतळाबाई आमच्या पुढच्या खोलीतून गेल्या त्याला आता दोन वर्षं होतील, आणि त्यांच्याबद्दल वहीत तुकड्यातुकड्यानं जे लिहिलंय ते एकदा सलग मांडावं असं बरेच दिवस मनात होतं. आज एकादशी आहे, स्वयंपाकाचा व्याप नाही, म्हणून बसले.

पुतळाबाई बिरोबाच्या वस्तीवरच्या शाळेत शिक्षिका. वस्ती वैजापूरपासून अकरा किलोमीटरवर, बहुतेक मेंढपाळांची आणि थोडी शेतकऱ्यांची घरं. शाळा दोन खोल्यांची, चौथीपर्यंत. बाई स्वतःही धनगराच्याच. तेरा वर्षं त्या वैजापुरात आमच्याकडे भाड्यानं राहिल्या. मी त्यांना बाई म्हणायची, त्या मला वहिनी. आमचे हे मार्केट यार्डात अडतीवर कामाला, त्यामुळे दिवसभर घरात मी एकटीच. संध्याकाळी शाळेतून आल्या की बाई उंबऱ्यावर बसून चहा प्यायच्या आणि दिवसभरात कोणत्या पोरानं काय केलं ते सांगायच्या. मी ऐकत ऐकत देवाच्या वाती वळायची.

त्यांचं शिक्षण कसं झालं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. वडील केरबा मेंढरं घेऊन दिवाळीनंतर गंगथडीला, गोदावरीकाठी, उतरायचे ते मृगालाच परत. पोरगी बरोबर. जिथं मुक्काम पडेल तिथल्या शाळेत केरबा तिला बसवून यायचे, कधी आठ दिवस, कधी तीन आठवडे. पहिल्याच शाळेतल्या गुरुजींनी निघताना एक चिठ्ठी लिहून दिली: ‘ही मुलगी क ते म शिकली आहे. पुढे शिकवावे.’ केरबांनी ती पटक्यात खोचली. पुढच्या शाळेतल्या गुरुजींनी त्याच कागदावर खाली लिहिलं: ‘ज्ञ पर्यंत झाले. बेरीज सुरू.’ पहिली अशी चार शाळांत झाली. केरबांना अक्षर येत नव्हतं, पण त्या कागदाला पाणी लागू दिलं नाही. पुढं वैजापूरच्या वसतिगृहात जागा मिळाली, मग डी. एड. लग्न पाळण्यातलंच झालेलं, पण नवऱ्यानं नोकरीवाली बायको नेली नाही. बाई म्हणायच्या, "बरं झालं, त्याच्या शंभर मेंढरांत माझी एक भर पडली नाय."

नोकरीला लागल्यापासून त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. मेंढरांमागं जाणारी पोरं दिवाळीनंतर शाळेतून उठतात, ती उठू नयेत. दर वर्षी जूनमध्ये पोरं परत यायची तेव्हा अर्धी अक्षरं विसरलेली असायची. बाई पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. "आडातून पाणी काढायचं आन् परत आडातच वतायचं," असं म्हणायच्या.

औरंगाबादेत, तेव्हा औरंगाबादच म्हणायचे, औरंगपुऱ्यात एक प्रतिष्ठान आहे. नाव लांबलचक, आमच्या तोंडी ते नुसतं ‘संस्था’. सरकारी शाळांतल्या शिक्षकांना आणि पोरांना हाताशी धरायचं, एवढंच त्यांचं काम. गोष्टींची पुस्तकं द्यायचे. डोळे तपासायला डॉक्टर आणायचे. पूनम नावाची तिसरीतली मुलगी, साळूबाईची नात, तिला संस्थेचा चष्मा मिळाला तेव्हा ती फळ्याकडे बघून म्हणाली होती, "बाई, तुम्ही येवढं बारीक लिव्हता व्हय?" तोवर तिला वाटायचं, फळ्यावर सगळ्यांनाच पांढरं धुकं दिसतं.

पण बाईंना संस्था आवडायची ती दुसऱ्या शनिवारच्या बैठकीमुळे. वैजापूरच्या वाचनालयात वीस-पंचवीस शिक्षक जमायचे. साहेब कुणी नाही, फोटो नाहीत, सत्कार नाही. प्रत्येकानं एकच सांगायचं: या महिन्यात मला काय जमलं नाही. बैठक चालवायला बद्रीनाथ सर यायचे, पैठणकडचे, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, मऊ बोलणारे गृहस्थ. पहिल्या बैठकीहून बाई आल्या तेव्हा चहा पिता पिता म्हणाल्या, "वहिनी, बावीस वर्षांत काय केलं हे लई जणांनी विचारलं. काय जमलं नाय हे आजच कुणीतरी विचारलं."

त्या जायच्या आदल्या पावसाळ्यात वरून कागद आला. आतापर्यंत पटावर नाव असलं की चालायचं, पोरगं मेंढरामागं असलं तरी. आता म्हणे नावं नाही, डोकी मोजणार. जानेवारीत माणसं येतील, शाळेत विसाच्या आत पोरं सापडली तर शाळा बंद, पोरं मोठ्या गावच्या शाळेत घालायची. मोठं गाव साडेचार किलोमीटरवर, मध्ये नाला आणि ऊसतोडीच्या ट्रॅक्टरांचा रस्ता. वस्तीच्या शाळेत पोरं तेवीस. त्यातली चौदा मेंढपाळांची. दिवाळीनंतर उरणार नऊ.

बाईंनी भाद्रपदातल्या बैठकीत हेच सांगितलं. बद्रीनाथ सर म्हणाले, "पोरांना ठेवून घेता येईल का? आजी-आजोबा आहेत ना वस्तीवर?" बाई म्हणाल्या, आहेत, पण म्हाताऱ्यांच्या घरात दोन वेळचं धान्य नसतं, सगळा संसार मेंढरांबरोबर जातो. सर म्हणाले, मग अर्ज करा. दर वर्षी संस्था एका शाळेचा असा भार उचलते. धान्य, स्वयंपाकाची बाई, कंदील-अंथरूण, सगळं. प्रत्येक पोराचा वेगळा अर्ज, सर्वपित्रीच्या आत औरंगपुऱ्यात पोहोचला पाहिजे.

त्या दिवसांत मी बाईंना जसं पाहिलं तसं आधी कधी पाहिलं नव्हतं. साळूबाईला सांगून आल्या, चूल तू सांभाळायची. साळूबाई म्हणजे तोंडानं फाटकी, पण हाताला चव. ती म्हणाली, "चौदा काय, चाळीस आन. माझ्या सासूनं मला दुसरं शिकवलंयच काय." पोरांच्या आयांनाही बाईंनी शब्द दिला: लेकरं ठेवा, खायची-निजायची सोय मी करते. मेंढपाळ माणसं लेकरू मागं ठेवायला सहजासहजी तयार होत नाहीत. तीन रविवार बाई घरोघर फिरल्या तेव्हा चौदा जणी हो म्हणाल्या.

अर्ज लिहायला त्या माझ्याकडे आल्या. माझं अक्षर वळणदार, जप लिहून लिहून झालेलं. दुपारची जेवणं आवरली आणि आम्ही दोघी पाट मांडून बसलो. त्या सांगायच्या, मी लिहायची. नाव, वय, वडिलांचा धंदा. मग पुढं छापलेलं होतं, ‘कुटुंबाचे राहण्याचे ठिकाण, खूण करा’, आणि खाली ओळीनं झोपडी, पत्र्याचे घर, पक्के घर, वाडा.

बाईंनी तो कागद माझ्या हातातून घेतला आणि डोळ्यांजवळ नेला.

"वहिनी, वाडा छापलाय बघा."

"मग?"

"मग काय. आजवर एवढे फॉर्म भरले, कुठंच आमचा वाडा नव्हता. झोपडी लिवा न्हायतर इतर लिवा. संस्थेनं इचारपूस करून छापलाय हा कागद."

आमच्याकडे मेंढरांच्या मुक्कामालाच वाडा म्हणतात. दोन एकर रानात वाघर, म्हणजे जाळं, लावायचं, आत मेंढरं कोंडायची, बाजूला घोड्यावरून उतरवलेलं बिऱ्हाड मांडायचं, झाला वाडा. छप्पर नाही, भिंत नाही. आमच्या सासरच्या शेतातही खतासाठी दर वर्षी वाडा बसतो. त्यामुळे मलाही त्यात काही खटकलं नाही. मी खूण केली. त्याच्याखाली होतं, ‘स्वतःचे, भाड्याचे की दुसऱ्याचे’. मी विचारलं, काय लिहू. बाई ताठ बसून म्हणाल्या, "स्वतःचा. वस्तीवरचं एक माणूस दुसऱ्याची मेंढरं राखत नाय. सगळ्यांची घरची."

चौदा अर्जांवर मी चौदा वेळा खूण केली. वाडा. स्वतःचा. लिफाफा देवापुढं ठेवला, हळदीकुंकू लावलं, आणि दुसऱ्या दिवशी यांनी पोस्टात टाकला.

उत्तर दसऱ्यानंतर आलं. मी पोळ्या लाटत होते. बाई आत आल्या आणि कागद माझ्यापुढं धरला. हाताला पीठ होतं म्हणून मी तसाच वाचला. आपला उपक्रम स्तुत्य आहे, परंतु विद्यार्थी सुस्थितीतील कुटुंबांतील असल्याने या वर्षीची मदत अधिक गरजू शाळेस देण्यात येत आहे, अशा अर्थाचं दोन ओळीत होतं. खाली सही कुणा कार्यवाहांची.

"सुस्थितीतील," बाई म्हणाल्या. "परत वाचा वहिनी."

मी परत वाचलं.

"मेंढरं मोजली त्यांनी. वडिलांच्या धंद्यात मेंढपाळ लिवलं ना, ते वाचून मोजली. धनगराच्या घरी शंभर मेंढरं म्हणजे त्यांना जहागिरी वाटती. रोग आला की आठ दिवसांत निम्मी जातात ते कुणी मोजत नाय."

"जाऊन विचारा की. सकाळी सातची बस आहे."

"काय विचारू? आमची गरिबी बघायला चला म्हणू?"

"बद्रीनाथ सरांना तरी विचारा."

"ते तरी त्यातलेच ना," म्हणाल्या आणि खोलीत गेल्या.

रात्री जेवताना हे म्हणाले, "मास्तरीणबाई रुसल्या म्हणतेस? मग झालं. मेंढीनं वाट धरली आणि बाईनं राग धरला की कुणाला वळवता येत नाही." मी म्हटलं, जेवा गुमान. पण मनातून मलाही वाटलं होतं, त्यांचा राग बरोबर आहे. मीही जोर धरला नाही. मी एकदा जरी त्यांच्याबरोबर बसमध्ये बसले असते तर. हे वाक्य मी वहीत बऱ्याच वेळा लिहिलंय, पुढं काय लिहायचं ते कळत नाही.

आश्विनातल्या बैठकीला बाई गेल्या नाहीत. कार्तिकातल्याही नाही. फोन वाजायचा, त्या पडद्यावरचं नाव बघायच्या आणि फोन उपडा ठेवायच्या. मी एकदा म्हटलं, "बाई, उचला तरी." त्या म्हणाल्या, "ज्या माणसापुढं मी बावीस वर्षांचं काय जमलं नाय ते सांगितलं, त्यानं मला सावकारीण ठरवलं. आता काय बोलू?"

दिवाळी झाली. तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी बिरोबाला नारळ द्यायला वस्तीवर गेले होते, आणि नेमकी त्याच सकाळी मेंढरं निघाली होती. घोड्यांवर बिऱ्हाडं लादलेली, कोंबड्या टोपल्यांत, कोकरं पिशव्यांत. बाया शाळेच्या फाटकाशी उभ्या होत्या. बाई आत पायरीवर. एकीनं विचारलं, "बाई, लेकरं ठिवायची का न्यायची?"

बाईंनी शब्द दिलेला होता, तो सगळ्यांना आठवत होता. त्यांनी खाली बघितलं.

"न्या," म्हणाल्या.

साळूबाई देवळामागून आली, हाताला माती. "न्या म्हंजी? म्या चूल लिपली की. दोन दिस झाले वाळतीया. बाई, तुमी तं म्हनल्या व्हत्या संस्था देनार."

"नाय देत संस्था."

"मंग आदीच का नाय बोल्ल्या? मी आता तोंड कसं दावू साऱ्या वस्तीला?"

पूनम आजीच्या लुगड्याला धरून उभी होती. तिच्या आईनं तिला ओढलं तर ती म्हणाली, "आये, मला कविता म्हनायची हाय सोमवारी." आई म्हणाली, "मेंढरास्नी म्हन." बाया हसल्या, पूनमही थोडी हसली, आणि गेली. मी नारळ फोडला. तो नासका निघाला. तसं काही मानायचं नसतं, नारळ नासका निघतोच कधीकधी.

जानेवारीत माणसं आली, डोकी मोजली, नऊ. त्यातलं एक तापानं फणफणलेलं, बाईंनी उचलून आणून बसवलेलं.

संक्रांतीनंतर आठ दिवसांनी बद्रीनाथ सर आमच्या दारात उभे. शाळा बंद होणार हे त्यांच्या कानावर गेलं होतं. बाई घरीच होत्या, रविवार होता. मी दोघांना चहा दिला. सरांच्या हातात फाइल होती. चहा संपवून ते म्हणाले, "बाई, राग मानू नका. तुमची शाळा वाचायला हवी होती असं मलाही वाटतं. पण असल्या घरंदाज पोरांसाठी तुम्ही अर्ज का केलात, ते मला तेव्हाच विचारायचं होतं. तुम्ही फोन घेतला नाहीत."

"घरंदाज कोण?"

"आता वाड्यात राहणारी मंडळी म्हणजे…"

"कुठला वाडा, सर?"

सरांनी फाइल उघडून पुढं केली. माझंच अक्षर. वाडा, खूण. स्वतःचा, खूण. चौदाच्या चौदा.

"कार्यालयात गठ्ठे लावतात," सर म्हणाले. "झोपडीवाले वर, पक्क्या घरांचे खाली, आणि वाडा म्हणजे अगदी तळाला. दीडशे अर्ज होते. मी तेव्हा पैठणला होतो, मुलीचं बाळंतपण होतं. आल्यावर पाहिलं, म्हटलं बिरोबाच्या वस्तीवर एवढे वाडे कुठून आले. मेंढरं राखत असले तरी देशमुखी असेल म्हटलं जुनी."

बाई कागदाकडे बघत होत्या. मग अगदी वर्गात सांगावं तशा आवाजात म्हणाल्या, "सर, वाघर लावून उघड्या रानात मेंढरं कोंडतात, त्याला वाडा म्हणतात. त्याच्याशेजारी पोरं निजतात. वर आभाळ असतंय."

सरांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला.

"तुम्ही एकदा सांगितलं असतं तर," ते म्हणाले. "दिवाळीच्या आधी एक फोन. मी सहा वेळा केला होता बाई."

"व्हय. सहा वेळा. मी बघत व्हते."

मी म्हटलं, "लिहिलं मी होतं." घरात एवढी तीन माणसं आणि तिघांनाही मराठी येत होतं.

नंतर सरांनी धावपळ केली, ती खोटी नव्हती. इथं अर्ज, तिथं निवेदन, मोठ्या गावच्या सरपंचाची सही. संस्थेचे कार्यवाह स्वतः दोनदा कचेरीत जाऊन आले. सगळीकडे एकच उत्तर: मोजणी झाली, यादी वर गेली. एका ठिकाणी तर म्हणाले, पुढच्या वर्षी पोरं जमली तर नवीन शाळेचा प्रस्ताव द्या. संस्थेनं पोरांना परत आणायचाही विचार केला. सर आणि बाई जीप करून गंगथडीला गेले, तीन दिवस वाडे शोधत फिरले. चौदातली नऊ पोरं सापडली. आया म्हणाल्या, आता कशाला, शाळा तर बुडाली म्हणता. खरंच होतं. बाई परत आल्या त्या दिवशी मी हरिपाठाला बसले होते. शेजारी येऊन बसल्या, शेवटपर्यंत बसल्या, पण ओठ हलले नाहीत.

देवाला मी काही विचारलं नाही. लिफाफा त्याच्यापुढंच होता एक रात्र. पूजा मी सोडलेली नाही, सोडणारही नाही, पण त्या महिन्यात वहीत वर श्री लिहून खाली काही लिहिलेलं नाही अशी अकरा पानं आहेत.

एप्रिलमध्ये बाईंच्या बदलीचा कागद आला. फर्दापूरकडची शाळा, जिल्ह्याचं पार दुसरं टोक. वस्तीवरच्या शाळेची बाकं मोठ्या गावाला नेली. साळूबाई बाजारात भेटली तेव्हा तिनं बाईंचं नावही काढलं नाही. कांदे निवडत म्हणाली, "पूनमला बगितलं तिच्या बापानं सोयरं. दोन सालांनी देऊन टाकतील." मी म्हटलं, दहा वर्षांची पोर ती. साळूबाई म्हणाली, "मंग तुमच्या वैजापुरात ठिवता का?" मी पिशवी घेऊन घरी आले.

बाई निघायच्या आदल्या आठवड्यात, वैशाखात, बद्रीनाथ सर पुन्हा आले. घाम पुसत, पण चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी थोडा उजेड. नवीन अर्ज छापून आणला होता.

"बाई, बैठकीत मांडलं मी. सगळं बदललंय. गठ्ठे लावायच्या आधी प्रत्येक शाळेत माणूस जाऊन येणार. आणि हे बघा."

राहण्याच्या ठिकाणापुढं आता पाच पर्याय होते. शेवटचा होता, ‘मेढ्यांचा वाडा, फिरता’. छापताना घाई झाली असावी, ‘में’वरचा अनुस्वार राहिला होता.

बाईंनी कागद दोन्ही बाजूंनी वाचला. खिडकीतला लाल पेन घेतला, अनुस्वार दिला आणि कागद परत केला.

"छापायच्या आधी एवढं सांगा," म्हणाल्या.

"सांगतो. आणि बाई, फर्दापूरलाही आमची बैठक असते. तिसऱ्या शनिवारी. येत जा."

"आता माझ्याकडं सांगण्यासारखं एकच हाये, सर. ते एकदा सांगून झालं की मी बैठकीत काय करू?"

सर उठले. चहा तसाच राहिला होता. दारापर्यंत गेले, वळून म्हणाले, "पुढच्या वर्षी या कागदावर कुणाचं तरी काम होईल बाई."

"होईल की," बाई म्हणाल्या. "व्हायलाच पाहिजे."

त्या गेल्या तो वैशाखातला बुधवार होता. सामान थोडंच होतं. रिक्षा वळली तशी मी आत येऊन खोली झाडली.